शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींनी करिअर कसे ठरवावे: आधी शेताचा हिशेब, मग कोर्स

"नोकरी करायची की शेती?" असा प्रश्न टाकला की शेतकऱ्याच्या घरातली चर्चा तिथेच खुंटते. वडील म्हणतात, "मी केली तेवढी बास, तू यात पडू नको." आई म्हणते, नोकरी लागल्याशिवाय सोयरीक जमत नाही. मग मुलगा कुठल्या तरी कोर्सला जातो, नाही जमले की स्पर्धा परीक्षेला बसतो, तिथेही नाही जमले की घरी येतो आणि वडिलांच्या हाताखाली बिनपगारी राबतो. यात निर्णय असा कुणी घेतलेलाच नसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा निर्णय घ्यायचा क्रम उलटा करा. आधी आपल्या शेतात किती माणसांचे पोट भरते ते कागदावर मांडा. मग घरातल्या कोणी काय करायचे ते बोला. कोर्स, कॉलेज, परीक्षा हे सगळे त्यानंतर.

शेताचा हिशेब मांडा

कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहिवाट, म्हणजे एका शेतकऱ्याच्या हातातली जमीन, ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांच्या काळी सगळे भाऊ शेतीत राहू शकत होते, आज बहुतेक घरांत तसे शक्य नाही. यात नव्या पिढीच्या आळसाचा काही संबंध नाही, जमीनच वाटणीत विरत गेली आहे. देशपातळीवरच्या २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरी-पगारातून ४,०६३ आणि पिकांतून ३,७९८ रुपये येत होते. म्हणजे शेतकरी म्हणवणारे घरसुद्धा पिकापेक्षा बाहेरच्या कमाईवर जास्त चालते आहे. शेती आणि बाहेरची कमाई एकाच घरात आधीपासून एकत्र नांदत आहेत. आता ते ठरवून करायचे आहे.

एक वही घ्या. पहिल्या पानावर सात-बारा आणि आठ-अ समोर ठेवून लिहा: एकूण क्षेत्र किती, त्यातले बागायत किती, कोरडवाहू किती, विहीर-बोअरला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज किती, उसनवारी किती, आणि कागदोपत्री हिस्सेदार किती. आत्या आणि बहिणींची नावेही त्यात धरा.

दुसऱ्या पानावर गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च. तीनच वर्षे का, तर एका वर्षात कांद्याला भाव लागलेला असतो आणि ते वर्ष डोक्यातून जात नाही. आडत्याच्या पट्ट्या, खत-औषधांच्या दुकानाची बिले, दूध संघाचा पगार, जे सापडेल ते जमवा. सापडत नसेल तर वडिलांना विचारून अंदाजाने लिहा.

उदाहरण म्हणून मराठवाड्यातले चार एकर धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. खरिपात चार एकर सोयाबीन, एकरी ७ क्विंटल, हातात पडलेला भाव ४,२०० रुपये. जमा १,१७,६००. मशागत, बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी, वाहतूक मिळून एकरी १७,००० खर्च, म्हणजे ६८,०००. उरले ४९,६००. पाणी दोनच एकरांना पुरते म्हणून रब्बीत दोन एकर हरभरा, एकरी ५ क्विंटल, भाव ५,३००. जमा ५३,०००, खर्च २२,०००, उरले ३१,०००. वर्षाची शिल्लक ८०,६००, महिन्याला साधारण ६,७००. यात आई-वडिलांची मजुरी धरलेलीच नाही, कर्जाचे व्याजही नाही. दोन भाऊ असतील तर हे निम्मे करा.

भाव धरताना हमीभाव धरू नका. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला होता, पण तुमच्या पट्टीवर जो आकडा आला तोच तुमचा भाव.

या पानाखाली एक ओळ लिहा: "हे शेत आज इतक्या माणसांना पूर्णवेळ काम आणि महिन्याला इतके रुपये देऊ शकते." बहुतेक घरांत हा माणसांचा आकडा एक असतो, काही घरांत अर्धा. नाशिकची द्राक्षबाग, सांगली-कोल्हापूरचा पाण्याखालचा ऊस, जुन्नरचा टोमॅटो असेल तर दोन. विदर्भातल्या कोरडवाहू कापसाच्या तीन एकरांतून पूर्णवेळ रोजगार निघत नाही, आणि तिथल्या मुलाने बाहेर पडणे म्हणजे शेतीशी गद्दारी नव्हे. त्याची बाहेरची कमाईच ती जमीन घरात टिकवून ठेवते.

घरात बसून बोला, आणि लिहून ठेवा

वही तयार झाली की आई, वडील, भाऊ, बहीण सगळे एकत्र बसा. आईला वगळू नका. गोठा, मजूर, घरखर्च याचा खरा हिशेब तिच्याकडे असतो.

चार गोष्टी बोलायच्या. शेत कोण पाहणार आणि कधीपासून? शिक्षणाला दरवर्षी किती पैसे निघतील, आणि ते कुठून? बाहेर जाणारा घरी काय देणार? आणि ठरलेले नाही जमले तर किती वर्षांनी पुन्हा बसायचे?

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शिक्षणासाठी सगळी जमीन विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. शेवटचा तुकडा गेला की पुढे पैसा आला तरी पुन्हा जमीन घेणे अवघड होऊन बसते. खासगी सावकाराकडेही जाऊ नका. शैक्षणिक कर्ज घ्या. बँकांच्या नेहमीच्या नियमांत ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो.

दहावीनंतर: लवकर कमाईचा रस्ता कमी लेखू नका

गुण बरे पडले की अकरावी सायन्स, हे गावात आपोआप ठरते. सायन्सला जाऊन पुढे नीट, जेईई किंवा सीईटीचा अभ्यास करायचा नसेल तर त्या दोन वर्षांचा फारसा उपयोग होत नाही. घरात तीन वर्षांच्या आत पैसा यायला हवा असेल तर आयटीआय पाहा.

इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेल्याला महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत बसता येते, चाकण, वाळूज, सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतींत ॲप्रेंटिसशिप मिळते, आणि गावात राहिला तरी मोटार रिवाइंडिंग, स्टार्टर दुरुस्ती, सौरपंप बसवणे ही कामे आहेत. रब्बीच्या ऐन पाण्याच्या पाळीत मोटार जळाली की लोक मेकॅनिकच्या दारात उभे असतात. ट्रॅक्टर आणि कृषी यंत्रांच्या दुरुस्तीचेही तेच.

पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षांची, आणि त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीच्या धकाधकीशिवाय इंजिनिअर व्हायचा हा सरळ मार्ग आहे. कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतल्या कृषी पदविकाही दहावीवर होतात. शेतात राहायचे पक्के असेल तर त्या बऱ्या.

बारावीनंतर कृषी पदवी: काय मिळते, काय नाही

"आपली शेती आहे, मग बीएस्सी ॲग्री कर," हा सल्ला सगळेच देतात. म्हणून यावर थोडे थांबू.

राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. चार वर्षांच्या पदवीचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या एमएचटी-सीईटीवरून होतो. शेतकरी कुटुंबातल्या उमेदवाराला प्रवेशात अधिकचा गुणभार मिळतो, त्यासाठीचा सात-बारा आणि दाखला वेळेत काढून ठेवा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका.

कॉलेज निवडताना शासकीय आणि खासगी यांतला फरक नीट पाहा. खासगी कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन चार गोष्टी तपासा: प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजचे शेत, किती एकर आहे, त्यावर पीक उभे आहे का, प्रयोगशाळेत मुले काम करताना दिसतात का, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी किती जणांना काय काम मिळाले. शेवटचा प्रश्न प्राचार्यांना विचारू नका, गेटबाहेर चहा पिणाऱ्या मुलांना विचारा.

पदवीनंतरचे रस्ते साधारण असे. बियाणे, खत, औषध, ठिबक कंपन्यांत फिल्डची नोकरी सर्वांत जास्त मुलांना मिळते. मोटारसायकलवर रोज तालुका पालथा घालायचा आणि महिन्याचे टार्गेट गाठायचे, असे ते काम असते. बोलायची आवड असेल तर त्यात वाढ आहे. बँकांची कृषी अधिकारी परीक्षा २० ते ३० वयात देता येते. एमपीएससीची कृषी सेवा, सहाय्यक कृषी अधिकाऱ्याची (पूर्वीचा कृषी सहाय्यक) भरती, एमएस्सी करून संशोधन, हे पुढचे पर्याय. पदवीधराला केंद्राच्या ॲग्री-क्लिनिक योजनेत ४५ दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण मिळते, आणि पुढे बँक कर्जावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदानाची सोय आहे. कृषी सेवा केंद्र टाकायचे असेल तर बियाणे, खत आणि कीटकनाशक यांचे तीन वेगळे परवाने लागतात.

पण पदवी घेतली म्हणजे घरचे चार एकर आपोआप फायद्यात येतील, असे समजू नका. रोग ओळखता येईल, माती परीक्षणाचा कागद वाचता येईल. पाणी आणि भाव या अडचणी मात्र तशाच राहतील. ही पदवी नोकरीचे एक चांगले साधन आहे, त्या नजरेने घ्या.

पशुवैद्यकाचा विचार गोठा असलेल्या घरातल्या मुलांनी जरूर करावा. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची कॉलेजे नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ येथे आहेत. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे लागतात, प्रवेश नीटवर. ऊसपट्ट्यातल्या मुलांना मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम माहीत असायला हवेत. कारखान्याला ऊस घालणाऱ्या घरातले मूल त्याच कारखान्यात केमिस्ट होऊ शकते, हे अनेकांच्या मनातही येत नाही.

स्पर्धा परीक्षा: वर्षे आधी मोजून घ्या

हा भाग मी काळजीने लिहितो आहे. अनेक घरांची सगळ्यात जास्त वर्षे आणि पैसा इथेच जातो.

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेच्या वर. अभ्यास करणाऱ्यांत काही कमी नाही, पण जागाच थोड्या आहेत. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट, मेस, अभ्यासिका आणि क्लास असा महिन्याचा खर्च शेतातल्या त्याच ६,७०० रुपयांतून निघायचा असतो, हे वहीत पाहिलेच आहे. एमपीएससीत खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ आहे. एवढी सवलत असल्यामुळेच माणूस थांबायला तयार होत नाही.

म्हणून जाण्याआधी मुदत ठरवा. पदवीनंतर पूर्णवेळ अभ्यासाला जास्तीत जास्त तीन वर्षे, असे माझे मत आहे. त्या काळात एकदाही पूर्व परीक्षा निघाली नाही तर पूर्णवेळ अभ्यास थांबवायचा. मुख्य परीक्षेपर्यंत पोचलात तर एक वर्ष वाढवा, पण तेही घरी बोलून. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. ज्याला लिहिण्याचा सराव नाही त्याने आधी सहा महिने गावातच अभ्यास करून पाहावा, मग पुण्याची गाडी धरावी. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या गटातल्या मुलांसाठी मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजना चालवतात. खासगी क्लासला पैसे भरण्याआधी तिथे अर्ज करा.

आणि या तीन वर्षांत एक कमाईचे कौशल्य हातात ठेवा. टॅली आणि जीएसटी, शिकवणी, टायपिंग, ड्रायव्हिंगचा व्यावसायिक परवाना, काहीही. परत येताना हात रिकामे नसले की परत यायची लाजही कमी होते.

पोलीस भरतीची वयोमर्यादा खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३. मैदानी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. गावातली मुले मैदानात पुढे असतात आणि लेखीत मागे पडतात, तेव्हा पहाटे धावण्याइतकेच महत्त्व गणित आणि बुद्धिमत्तेला द्या. अग्निवीर म्हणून गेलात तर सेवा चार वर्षांची, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. चार वर्षांनंतर काय, हे जातानाच ठरवून जा.

मुलींच्या बाबतीत

मुलीच्या शिक्षणाचा विचार "लग्नापर्यंत काहीतरी" असा होतो, तो बंद व्हायला हवा. शेतकऱ्याच्या मुलीला नोकरी असणे हा दुष्काळी वर्षात माहेर-सासर दोन्हींचा आधार ठरतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कृषी, अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांना याचा लाभ आहे. नर्सिंगही पाहा: बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळू शकते.

जमिनीचेही तसेच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. तरी लग्नानंतर तिच्यासमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. सही करायची की नाही हा तिचा निर्णय आहे, पण कशावर सही करते आहोत हे तिला आधी नीट सांगा. शेतीची आवड असलेली मुलगी घरात असेल तर शेत तिच्याकडे का नको, हाही प्रश्न त्या बैठकीत यावा.

शेतीतच राहायचे ठरले तर: वडिलांशी करार

शेतीत राहणाऱ्या तरुणाचा सर्वांत मोठा त्रास पावसाचा किंवा भावाचा असतो असे वाटेल. घरात त्याला पगार नाही, निर्णय नाही आणि हिशेबही दिसत नाही, हा त्याहून मोठा त्रास. तिशी आली तरी पेट्रोलला पैसे मागावे लागतात. हे बदलल्याशिवाय शेतीत राहू नका.

वडिलांशी भांडू नका, तुकडा मागा. "आबा, यंदा विहिरीजवळचे वीस गुंठे माझ्याकडे द्या. बियाणं, औषध, मजुरी, विक्री सगळं मी बघतो. खर्च लिहून ठेवतो, तोटा आला तर माझ्या नावावर." बहुतेक वडील वीस गुंठ्यांना नाही म्हणत नाहीत. दोन हंगाम सलग वही नीट ठेवली की पुढच्या दोन एकरांचे बोलणे सोपे जाते. बाकीच्या शेतात करता त्या कामाचे महिन्याला ठरावीक पैसे, निदान सालगड्याच्या निम्मे, मागायला संकोचू नका. घरात उत्पन्नच नसेल तर तेही त्या वहीत दिसेल, आणि मग बाहेरचे काम धरायचे की नाही ते आपोआप स्पष्ट होईल.

नवे पीक किंवा जोडधंदा घेण्याआधी शिका. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात अल्प खर्चाची प्रशिक्षणे असतात. डाळिंबासाठी सोलापूर, द्राक्षासाठी मांजरी, कांदा-लसणासाठी राजगुरुनगर, कापूस आणि संत्र्या-मोसंब्यासाठी नागपूर येथे केंद्रीय संशोधन संस्था आहेत. पॉलिहाऊस किंवा काढणीपश्चात कामासाठी तळेगाव दाभाडेला प्रशिक्षण मिळते. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, शेळीपालनापासून मोबाइल दुरुस्तीपर्यंतचे प्रशिक्षण राहण्या-जेवणासह मोफत देतात.

दूधधंद्यात पडणार असाल तर एकदम दहा गाई आणू नका. दोन गाई, स्वतःचा चारा, आणि वर्षभर रोजची नोंद: दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), पशुखाद्य, औषध, भाकड दिवस. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गुणप्रतीवर सांगितला जातो, त्याखाली दूध गेले की कपात होते. विकतच्या चाऱ्यावर हा धंदा टिकत नाही.

प्रक्रिया उद्योगासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएमएफएमई (सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग) योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांचे अनुदान ठरले. पण अनुदान कर्जाला जोडलेले असते, हप्ता तुम्हालाच फेडायचा असतो. आधी ५० किलो हळद किंवा गूळ ओळखीच्या गिऱ्हाइकांना विकून पाहा. गिऱ्हाईक पुन्हा आले तर यंत्राचा विचार करा. अनुदान आहे म्हणून यंत्र घेतलेल्यांची शेड गावोगाव बंद पडलेली दिसतात.

एकट्याने भाव मिळत नाही, हेही लवकर मान्य करावे. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी विलास शिंदे यांच्या पुढाकारातून उभी राहिली. अशा कंपनीत शेतमाल देणाऱ्यांबरोबरच गुणवत्ता तपासणी, शीतगृह, निर्यातीचे कागद, हिशेब, संगणक अशी कितीतरी कामे शेतकऱ्यांची मुलेच करतात. तुमच्या तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर शेतीत राहणाऱ्याने तिचे सभासद व्हावे आणि कॉमर्स किंवा संगणक शिकलेल्याने तिथे काम मागावे.

कागद कधी काढायचे

निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच सुरुवात करा. उत्पन्नाचा दाखला मात्र नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, तो एप्रिलनंतर. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, सात-बारा, आधारशी जोडलेले बँक खाते, हे आधी. केंद्रीय भरती-प्रवेशासाठी आर्थिक दुर्बल घटकाचा (ईडब्ल्यूएस) दाखला काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असलेले कुटुंब त्यात बसत नाही. जात पडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो, अकरावीतच अर्ज टाका.

प्रवेश झाला की महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर दोन अर्ज वेगवेगळे भरायचे: शिक्षण शुल्कासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना, आणि अल्पभूधारकांच्या मुलांना राहण्या-जेवणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. दुसरा अर्ज बरीच मुले भरतच नाहीत. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो.

आणि एक भाऊ शहरात, एक शेतात असे ठरले असेल तर ते तोंडी ठेवू नका. शेतातल्या भावाने आई-वडिलांना सांभाळायचे आणि शहरातल्याने वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची, विहिरीच्या किंवा ठिबकच्या खर्चात कोणाचा वाटा किती, पुढे जमीन विकायची वेळ आली तर पहिला हक्क कोणाचा, हे साध्या कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून सात-बारा वेगळा करता येतो. हे काम वडील हयात असताना, दोघा भावांची लग्ने होण्याआधी करा.